मग मॅच थांबली का?

पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या आमच्या वयाच्या माणसांपुढे नरी काँट्रॅक्टरचं नाव काढून बघा. त्यानं किती धावा केल्या ते कुणी सांगत नाही, आधी हात उजव्या कानामागे जातो. "इथं बसला होता चेंडू." तो चेंडू आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नाही. पाहायची सोयच नव्हती. तरी जागा पक्की ठाऊक, बोलर ठाऊक, गाव ठाऊक. शाळेत वेस्ट इंडीजचा नकाशा कुणी शिकवला नाही. बार्बाडोस नावाचं बेट आहे हे आम्हाला त्या एका चेंडूमुळे कळलं.

त्या चेंडूच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं आणि जुना रेडिओ त्यात गेला. नवा घ्यायला वडीलधाऱ्यांनी बरेच महिने लावले, कारण भांडीकुंडी, धान्य आणि आमची पुस्तकं यांचा नंबर आधी होता. शेवटी आला तो इंग्लंडचा संघ इथे खेळत असताना. भारतानं इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकली ती पहिलीच, कोलकाता आणि मद्रास अशा दोन कसोट्या मारून, आणि कर्णधार होता नरी काँट्रॅक्टर. म्हणजे पुरानंतर त्या घरात रेडिओवरून आलेली पहिली गोड बातमी या माणसाची. रेडिओचं लायसन्स काकांच्या नावावर होतं, पोस्टात जाऊन पैसेही तेच भरायचे, पण कुठलं स्टेशन लावायचं हे आत्या ठरवायची.

आत्या तेव्हा कॉलेजात होती. आमच्या घरात क्रिकेट कळणारं माणूस ती एकच; बाकीच्यांना नुसतं आवडायचं. तिची कात्रणांची वही होती, खळ लावून लावून फुगलेली. त्यात खेळाडूंची वर्गवारी तिनं स्वतः केलेली. चंदू बोर्डे आपल्या पुण्याचा, म्हणून त्याला पहिली पानं. बापू नाडकर्णी नाशिकचा, म्हणजे जवळचाच. विजय मांजरेकर मुंबईचा, पण खेळतो चांगला.

वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यात बार्बाडोस संघाशी झालेला सामना कसोटी नव्हता, त्यामुळे कुणी कान लावून बसलं नव्हतं. बातमी आली ती आधी रेडिओवर, दोन-तीन वाक्यांत: चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून भारताचा कर्णधार गंभीर जखमी. दुसऱ्या दिवशी पेपरात कवटीला तडा गेल्याचं आलं. मग शस्त्रक्रिया झाल्याचं, मग अजून शुद्ध नसल्याचं. माणूस तिकडे सहा दिवस बेशुद्ध होता आणि इकडे आम्हाला त्याची तब्येत हप्त्यांनी कळत होती. प्रत्येक हप्ता आदल्या दिवशीचा. सकाळी पेपर वाचून काळजी करायची, तर ती काळजी शिळी, तिकडे एव्हाना काहीतरी वेगळंच झालेलं असणार, हेही माहीत.

घरातल्या घरात प्रतिक्रिया कशा होत्या ते आठवताना आता गंमत वाटते आणि थोडा संकोचही वाटतो. काकांचा पहिला प्रश्न, "आता कॅप्टन कोण?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता, कारण तिसरी कसोटी तोंडावर होती. उत्तर आलं पतौडीचं, एकवीस वर्षं आणि सत्त्याहत्तर दिवस वयाचा पोरगा, आणि त्याचाही उजवा डोळा आदल्या वर्षीच्या मोटार अपघातात जायबंदी झालेला. काकांनी कपाळावर हात मारला. आजोबांना क्रिकेट म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. ते देवघरासमोरच्या खुर्चीतून एवढंच म्हणाले, "मग मॅच थांबली का?"

"का थांबेल? मांजरेकर गेला ना पुढे बॅटिंगला," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

मांजरेकर खरंच गेला. त्यालाही ग्रिफिथनंच नाकावर मारलं. आणि तो दुसऱ्या डावात परत येऊन शतक ठोकून गेला. आत्याच्या वहीत काँट्रॅक्टरच्या बातमीच्या शेजारचं पान या शतकाला मिळालं. आजोबांचा प्रश्न तसाच राहिला. पुढची पन्नास-साठ वर्षं तो आमच्या घरात अधूनमधून डोकं वर काढायचा, म्हणून इथे लिहितो आहे.

आमची पिढी वाढलीच या हिशेबावर की लागलं तरी खेळतो तो खरा. त्याचं मुख्य उदाहरणही काँट्रॅक्टरच होता. १९५९ साली लॉर्ड्सवर स्टॅथमच्या चेंडूनं त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि तशा अवस्थेत त्यानं ८१ धावा केल्या होत्या. वाड्यातल्या कुठल्याही पोराचा गुडघा फुटला की वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "तो बरगड्या मोडून खेळला आणि तू एवढ्याशा खरचटण्याला रडतोस?" रडणं थांबायचं. खरं तर हळद लावायला हवी असायची.

आजीची गोष्ट वेगळी. तिला त्या सगळ्यातलं एकच कळून घ्यायचं होतं, ते म्हणजे रक्त. काँट्रॅक्टरला रक्त द्यावं लागलं आणि ते खेळाडूंनीच दिलं, असं पेपरात आलं होतं. रक्त देणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. दिलं तर माणूस कायमचा खंगतो, असं आजीच काय, चांगले शिकलेले लोकही मानत. "कुणी दिलं?" तिनं विचारलं. आत्या वाचून दाखवू लागली. पॉली उम्रीगर. "पारशी ना? मग ठीक, त्यांच्यातलाच आहे." बापू नाडकर्णी. आजीनं मान डोलावली. चंदू बोर्डे. बोर्डे पुण्याचे आणि ख्रिस्ती, हे आजीला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. बरोबर गेलेले पत्रकार के. एन. प्रभू. आणि फ्रँक वॉरेल. "हा कोण?" "त्यांचा कॅप्टन. वेस्ट इंडीजचा." "म्हणजे ज्यांनी मारलं त्यांचा?" "हो." "काळा?" "हो गं आई, काळा."

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुणी यायचं आणि कुणी नाही याचे नियम होते. ते आजीचे होते आणि कडक होते. त्या दिवशी तिनं वाटाणे सोलता सोलता खूप वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "रक्त देऊन उम्रीगर बरा आहे ना?" पुढच्या महिन्यात त्रिनिदादच्या कसोटीत उम्रीगरनं पहिल्या डावात ५६, दुसऱ्यात नाबाद १७२ केल्या आणि वर पाच बळी घेतले. आत्यानं ते आजीला मुद्दाम, आकड्यांसकट सांगितलं. मालिका आपण पाचही कसोट्या हरून आलो, पण रक्त दिल्यानं माणूस खंगत नाही हे आमच्या घरात तेव्हा सिद्ध झालं. काकांनी पुढे ससूनमध्ये जाऊन रक्त दिलं त्यामागे कुठली आरोग्य-प्रचाराची पत्रकं नव्हती, उम्रीगरच्या त्या नाबाद १७२ धावा होत्या. उंबऱ्याचे नियम मात्र आजी होती तोवर टिकले. एका कसोटीत होण्यासारखं ते काम नव्हतं.

बंगालच्या क्रिकेट संघटनेनं १९८१ पासून ३ फेब्रुवारीला कोलकात्यात फ्रँक वॉरेलच्या नावानं रक्तदान सुरू केलं. आत्याला याचं वाईट वाटायचं. रक्त घेणारा आपल्याकडचा, देणाऱ्यांत आपले नाशिकचे, आपले पुण्याचे, आणि दिवस साजरा करतं कोण, तर कोलकाता.

राग काढायला कुणीतरी लागतंच. ग्रिफिथ चेंडू टाकत नाही, फेकतो, हे त्या उन्हाळ्यात वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नंतर वाचनात आलं ते असं की समोरच्या टोकाला उभ्या रुसी सुर्तीनंही काँट्रॅक्टरला तेच ओरडून सांगितलं होतं, आणि कॉर्टेझ जॉर्डन नावाच्या पंचानं त्याच सामन्यात फेकीबद्दल ग्रिफिथचा चेंडू नोबॉलही ठरवला होता. वाड्यात हात वाकवून बोलिंग करणाऱ्याला 'ग्रिफिथ' म्हणून बाहेर काढलं जाई. पुढे कितीतरी वर्षांनी काँट्रॅक्टरच्या मुलाखती येऊ लागल्या. त्यात तो सांगायचा की त्याच क्षणी समोर पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली, लक्ष तिकडे गेलं, आणि चेंडू अगदी जवळ आल्यावर दिसला. ग्रिफिथला त्यानं दोष दिला नाही. हे वाचून आत्या चक्क हिरमुसली. ज्याचं डोकं फुटलं त्यानंच माफ केलं, तर इतकी वर्षं सांभाळलेला राग ठेवायचा कुठे?

काँट्रॅक्टरच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली, तो पुन्हा क्रिकेट खेळू लागला, रणजीत धावा काढू लागला, आणि कसोटीसाठी त्याला परत कुणी बोलावलं नाही. ३१ कसोट्यांवर हिशेब बंद झाला. घरात यावर दोन पक्ष होते. निवड समितीला शिव्या घालणारा काकांचा पक्ष मोठा. दुसऱ्या पक्षात एकटी आजी. ती म्हणायची, देवानं एकदा परत दिलाय, आता कशाला पुन्हा तिथे उभा करता? डोक्यातली ती पट्टी २०२२ साली, साठ वर्षांनी, मुंबईत काढण्यात आली. बातमी वाचून आम्ही भावंडांनी एकमेकांना फोन केले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच होतं: "अजून होती?"

१९७६ च्या एप्रिलपर्यंत घरात ट्रान्झिस्टर आला होता आणि आम्ही नोकरीला लागलो होतो. त्रिनिदादला भारतानं चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून सामना जिंकल्याची मिठाई संपलीही नव्हती, तर किंग्स्टनची कसोटी आली. सबायना पार्क. होल्डिंग. बडोद्याचा अंशुमन गायकवाड ८१ पर्यंत अंगावर चेंडू झेलत उभा राहिला आणि शेवटी एक कानावर बसला, पडदाच फाटला. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके पडले. बेदीनं ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात ९७ धावांवर पाच बाद आणि पुढची पाच नावं एकाखाली एक: जखमी, अनुपस्थित. जिंकायला त्यांना तेरा धावा उरल्या. आत्याचं तेव्हा लग्न होऊन ती डेक्कनला राहायला गेली होती. तो धावफलक कापून चिकटवायला ती वही घ्यायला म्हणून वाड्यात आली. "असा स्कोअरबोर्ड पुन्हा होणार नाही," म्हणाली. पाच माणसं खेळायला उभी राहू शकत नाहीत असा कागद, आणि ती तो जपून ठेवत होती. आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढे जखमांपेक्षा जास्त बोललं गेलं ते प्रेक्षकांबद्दल. आपली माणसं कोसळत होती आणि स्टँडमधले लोक आणखी मारा म्हणून नाचत होते, हे त्याच वर्षी आलेल्या गावसकरच्या 'सनी डेज'मध्ये सगळ्यांनी वाचलं. किंग्स्टनच्या रानटीपणावर त्यात अख्खं प्रकरण आहे. त्यातली काही विशेषणं आज छापली तर मोठा गदारोळ होईल, आणि व्हायलाही हवा. तेव्हा आम्ही ती एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवली. आत्यानंच मध्ये खडा टाकला, "ब्रेबॉर्नवर एकोणसत्तर साली खुर्च्या कुणी जाळल्या मग? ते तर एका आउटवरून." काका गप्प बसले. ते त्या दिवशी मॅच बघायला मुंबईला गेले होते.

सोलकरची आठवण निघाली की आमच्या बैठका लांबत. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटीपासून हाताच्या अंतरावर, डोक्यावर काही नाही, आणि २७ कसोट्यांत ५३ झेल. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. ओव्हलवर १९७१ साली त्यानं झेपावून घेतलेला नॉटचा झेल आम्ही ऐकला होता, नंतर फोटोत पाहिला होता, आणि वाड्याच्या चौकात शंभर वेळा घेऊन दाखवला होता. त्या जागेला धोका आहे हे माहीत होतं, पण धोका हीच तर मजा होती. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला रमण लांबा तिथेच उभा होता. षटकातले तीनच चेंडू उरले होते, म्हणून त्यानं हेल्मेट मागवलं नाही. फटका कपाळावर बसला, चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला आणि फलंदाज झेलबाद ठरला. तीन दिवसांनी लांबा गेला. झेल ग्राह्य धरला हे वाचलं तेव्हा मात्र आमच्यातल्या बहुतेकांच्या पोटात काहीतरी हललं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या संध्याकाळी सोलकरचं नाव घरात कुणी काढलं नाही.

तरीही २००२ ला अँटिग्वात कुंबळे जबड्याला पट्ट्या बांधून बोलिंगला आला आणि त्यानं लाराला पायचीत केलं, तेव्हा आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. जुनं वळण असं जात नाही. भाचीनं मात्र विचारलं, "त्याला कुणी नको म्हणालं नाही का?" तिला उत्तर द्यायला आजी हवी होती.

आमची एक चुलत बहीण म्हापशाला दिलेली. क्रिकेटच्या घरातून फुटबॉलच्या घरात गेलेली. २००४ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूला फेडरेशन कपची अंतिम लढत झाली, गोव्याचा डेंपो आणि कोलकात्याचा मोहन बागान. डेंपोच्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियरनं दोन्ही गोल केले. दुसरा करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो पडला आणि पुन्हा उठला नाही. कप गोव्याला मिळाला. बहिणीचा फोन आला तेव्हा जिंकल्याचं ती बोललीच नाही. मैदानावर डॉक्टर कुठे होता, यंत्र कुठे होतं, एवढंच विचारत राहिली. आमच्या घरात पहिल्यांदा जिनं 'कुणी मारलं' याच्या आधी 'वाचवायला कोण होतं' हे विचारलं, ती ही. डेंपोनं त्याचा दहा नंबर नंतर कुणाला दिला नाही.

फिलिप ह्यूज गेला तो नोव्हेंबर २०१४. तेव्हा आमच्या भावाचा नातू आठ-नऊ वर्षांचा. जगभर लोक बॅटी दाराबाहेर ठेवत होते, म्हणून त्यानंही सदाशिव पेठेतल्या फ्लॅटच्या दाराशी बॅट टेकवली, वर टोपी अडकवली. येणारे-जाणारे सांगून जात होते, "अहो, आत घ्या, चोरीला जाईल." संध्याकाळपर्यंत त्याच मजल्यावर आणखी एक बॅट उभी राहिली. पण मला त्या आठवड्यातलं लक्षात राहिलं ते शॉन ॲबटचं. चेंडू त्याचा होता. ऑस्ट्रेलियात त्याला कुणी ग्रिफिथ केलं नाही. लोक मेलेल्या फलंदाजासाठी रडत होते आणि जिवंत बोलरची चौकशी करत होते. आत्या तेव्हा सत्तरी ओलांडलेली. तिनं त्या दिवशीचे पेपर उलगडून बराच वेळ ॲबटचा फोटो पाहिला. वहीत तिनं तो लावला का, ते विचारलं नाही.

आणि मग १२ जून २०२१, शनिवारची रात्र. कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड, आपल्याकडे साडेनऊ. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पुणं जेमतेम श्वास घेत होतं. आत्या मुलाकडे, आम्ही आपापल्या घरी, आणि सगळ्यांना जोडणारा फॅमिली ग्रुप. पहिला हाफ संपत आला होता, थ्रो-इनचा चेंडू घ्यायला आलेला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कुणी हात न लावता कोसळला. सगळं घरबसल्या, त्याच क्षणी. एकोणीसशे बासष्टला आम्हाला जे दिसलं नव्हतं ते सगळं एकदम समोर आलं: छातीवर दाब देणारे हात, त्यांचा कर्णधार सिमोन क्येअर, रडणारी बायको, आणि पाठ फिरवून भोवती कडं करून उभे राहिलेले खेळाडू. कॅमेरा मात्र त्या कड्यातून फट शोधत होता. ग्रुपवर दोन मिनिटांत त्याचा व्हिडिओ आला. भाचीनं लिहिलं, "प्लीज हे पुढे पाठवू नका. ते कडं कशासाठी केलंय त्यांनी?" टाकणाऱ्यानं काढून टाकला.

मैदानात फिनलंडचे प्रेक्षक 'ख्रिस्तियन' म्हणत होते, डेन्मार्कचे 'एरिक्सन' म्हणून उत्तर देत होते. त्याला नेताना झाकायला फिनलंडच्या लोकांनी आपले झेंडे दिले. मग तो फोटो आला, स्ट्रेचरवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, हात कपाळावर. त्या दोन महिन्यांत मास्कमागचे चेहरे ओळखायला आम्ही इतके शिकलो होतो की डॉक्टरांनी सांगण्याआधीच ग्रुपवर तिघांनी लिहिलं, शुद्धीत आहे.

रात्री बाराच्या सुमाराला सामना पुन्हा सुरू झाला. आत्ता खेळा नाहीतर उद्या दुपारी, असे दोनच पर्याय खेळाडूंपुढे ठेवले गेले होते, हे नंतर कळलं. मला विचाराल तर तो पर्याय विचारायलाच नको होता. दीड वर्षानंतर अमेरिकन फुटबॉलमध्ये डमार हॅमलिन मैदानात कोसळला तेव्हा सामना सोडून दिला गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्या रात्री ग्रुपवर निम्म्यांनी टीव्ही बंद केल्याचं जाहीर केलं. आजोबांचा प्रश्न कुणीतरी टाकलाच.

आत्यानं बंद केला नाही. "पोरं उतरलीत ना मैदानात, मग कुणीतरी बघायला हवं," तिनं व्हॉइस मेसेज पाठवला. फिनलंडच्या पोह्यानपालोनं गोल केला आणि साजरा केला नाही, तेही तिनंच कळवलं. नंतर डेन्मार्कला पेनल्टी मिळाली, हॉयबियर्गनं मारली आणि गोलकीपरनं अडवली. भाचीनं लिहिलं की अशा रात्री त्या बिचाऱ्याला मारायला लावणं हाच छळ आहे. आत्याचं उत्तर लगेच आलं: छळ वगैरे ठीक आहे, पण चेंडू फारच सरळ मारला. मग त्या दोघींचं रात्री दीडपर्यंत भांडण चाललं आणि आम्ही बाकीचे वाचत बसलो.